चार्ल्सटनमधल्या दोन रात्री

खोली मिळणं ही आपल्या माणसासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. म्हणून अमेरिकेतल्या एका जुन्या गावात मला दोन रात्रींपुरती खोली कशी मिळाली, एवढंच सांगणार आहे. प्रवासवर्णन लिहायची हौस मला नाही. पण त्या दोन रात्रींत माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती तुमच्यापुढं कबूल केल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

२०२४ चा मार्च. मुलगी अटलांटात नोकरीला. तिच्याकडं तीन महिने राहायला गेलो होतो. बँकेच्या कारकुनीतून रिटायर झालेला माणूस, दिवसभर घरात बसून करणार काय? एक दिवस म्हणलं, पोरी, मला चार्ल्सटन बघायचंय.

ती म्हणाली, "अप्पा, तिथं काय आहे? जुनी घरं नि समुद्र."

आता तिला काय सांगू? नागसेनवनात शिकत होतो तेव्हा वसतिगृहाच्या गच्चीवर आम्ही रात्र रात्र अमेरिकेतल्या काळ्या लोकांवर बोलायचो. तेव्हा आम्ही 'निग्रो' म्हणायचो. तो शब्द त्या लोकांनी टाकला, मग आम्हीही टाकला. इंग्रजी धड कळत नव्हतं, पण त्यांचं दुःख कळत होतं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्याच्याही आधी, १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्या लोकांचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढं जाणार होतं, त्याची प्रत बाबासाहेबांना हवी होती. म्हणजे नातं जुनं आहे. आणि त्या नात्यातलं सगळ्यात वाईट गाव म्हणजे चार्ल्सटन. अमेरिकेत आफ्रिकेतून जी माणसं गुलाम म्हणून धरून आणली, त्यांतली शेकडा चाळीसच्या आसपास या एका बंदरातून उतरली असं इतिहासकार सांगतात. सोयऱ्याच्या गावाला गेलं तर आधी त्याचं मसणवटं बघावं, तसं मला ते बंदर बघायचं होतं.

तिला सुट्टी नव्हती. म्हणलं, मी एकटा जातो. बसनं जातो. फक्त खोली बघून दे.

मग ती मोबाईलवर खोल्या शोधायला बसली. चार्ल्सटनचं जुनं गाव अ‍ॅश्ली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या जिभेवर वसलंय. वसाहत १६७० ची. त्या जिभेवर अडीचशे-तीनशे डॉलरच्या खाली खोली नाही. उत्तरेला, हमरस्त्याच्या कडेला मोटेलं आहेत, ती नव्वदच्या आसपास. तेवढ्यात तिला एक फोटो सापडला. "अप्पा, हे बघा! किती गोड खोली!"

लाल विटांची भिंत. जुनी चूल, तिच्यात मेणबत्त्या लावलेल्या. लाकडी फरशी. खिडकीबाहेर पिवळ्या फुलांची वेल. खाली लिहिलेलं – ऐतिहासिक 'किचन हाऊस', १८४० च्या दशकातलं, जोडप्यांसाठी रम्य, शांत. भाडं १४० डॉलर. म्हणजे साडेअकरा हजार रुपये, एका रात्रीचे. माझ्या बापाच्या हातात आयुष्यात एवढी रक्कम एका वेळी आली नाही. पण तिथल्या मानानं ती स्वस्तच. ठरलं. पहिली रात्र त्या गोड खोलीत, दुसरी मोटेलात.

बापाचं नाव निघालं म्हणून सांगतो. आमचा बाप परगावी गेला की त्या गावच्या महारवाड्यातला तक्क्या विचारत जायचा. तक्क्या म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. दगड उशाला घ्यायचा नि पडायचं. गावात धर्मशाळा असायची, पण ती कुणाच्या धर्माची हे सांगायला नको. म्हणून तर गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, त्याचं आपल्या लोकांना एवढं अप्रूप. पुढं मी नोकरीला लागलो, खोली बघत गल्लोगल्ली फिरलो. घरमालक आधी पगार विचारायचा. मग आडनाव. मग गाव. मग "बरं, कळवतो." तो 'कळवतो' शब्द मी सतरा दारांत ऐकला. अठराव्या दारात एका मुसलमान म्हातारीनं काही न विचारता किल्ली दिली.

तर निघालो. बसला सात-आठ तास लागले. बस गावात जात नाही, उत्तरेला थांबते. तिथनं दोन डॉलरची शहर बस पकडून जुन्या गावात उतरलो. तुमच्यापैकी कुणी पुढंमागं गेलं तर ध्यानात ठेवा, ही बस बरी आहे. तिच्यात काळी माणसं भेटतात – हॉटेलात चादरी बदलणारी, भांडी घासणारी. त्यांतली बहुतेक जुन्या गावात राहत नाहीत. भाडं परवडत नाही. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी त्या विटा भाजल्या, ती माणसं त्या विटांच्या घरात झाडलोट करायला दोन डॉलर देऊन येतात.

घराची मालकीणबाई गोरी, सत्तरीची, बोलायला गोड. मोठं घर रस्त्याला. त्याच्यामागं विटांच्या उंच भिंतीच्या आत चिंचोळी दुमजली इमारत. खाली पूर्वीचं स्वयंपाकघर, वर खोल्या. वरची एक माझी. तिनं कॉफी दिली, कपाट दाखवलं, आंघोळीच्या गरम पाण्याचा नळ दाखवला. खोली देखणी होती. खोटं कशाला बोलू? गादीवर बसलो नि मनात म्हणलं, आई, बघ तुझं पोर कुठं बसलंय.

दुपारी आयकेन-र्‍हेट हाऊस बघायला गेलो. १८२० च्या सुमाराचा वाडा. याचा धनी पुढं राज्याचा गव्हर्नर झाला. शेकडो गुलाम बाळगणारा. भाताच्या शेतीचा आख्खा बेट त्याच्या मालकीचा. १९९५ पासून एका वारसा जपणाऱ्या संस्थेकडं तो वाडा आहे. त्यांनी डागडुजी करून नटवला नाही, जसा मिळाला तसा ठेवलाय. वाड्याच्या मागं अंगण. अंगणाच्या एका बाजूला तबेला, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर नि धुणंघर. त्याच्यावर जिना चढून गेलं की गुलामांच्या खोल्या.

मी त्या खोलीच्या उंबऱ्यात थांबलो. चूल. लाकडी फरशी. पोपडे सुटलेली भिंत. आणि एकदम पोटात गोळा आला. ही खोली मी बघितली होती. मघाशी हिच्यातच मी पिशवी ठेवून आलो होतो. इथं गादी नव्हती, मेणबत्त्या नव्हत्या, फुलांची वेल नव्हती, एवढाच फरक.

'किचन हाऊस' म्हणजे काय हे मला तिथं कळलं. आगीची भीती नि उन्हाळ्याचा ताप धन्याच्या घराला नको, म्हणून स्वयंपाक मागच्या इमारतीत. आणि राबणारी माणसं त्याच चुलीच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. म्हणजे दिवसभर चुलीपुढं भाजायचं नि रात्री चुलीच्या वर शिजायचं. उंच भिंत चोराला अडवायला होतीच, पण आतल्यालाही अडवायला होती. आपल्याकडं आपल्याला वेशीच्या बाहेर ठेवलं. इथं त्यांना भिंतीच्या आत ठेवलं. बाहेर ठेवा नाहीतर आत ठेवा, सांडशी एकाच लोखंडाची.

त्या गावात आणखी एक गोष्ट होती. धनी आपला गुलाम दुसऱ्याकडं मजुरीला लावायचा. त्या माणसाकडं नगरपालिकेचा तांब्याचा बिल्ला असायचा. बिल्ल्यावर गावाचं नाव, साल, नंबर नि काम. 'हमाल'. 'नोकर'. माणसाचं नाव नाही. असे बिल्ले तिथं वस्तुसंग्रहालयात जपलेत. आपल्या गळ्यात मडकं नि कमरेला खराटा बांधला, त्यांना बिल्ला दिला.

संध्याकाळी परत आलो. मालकीणबाई वेलीला पाणी घालत होती. माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "या खोलीत आधी कोण राहायचं?"

ती म्हणाली, "सर्व्हंट्स."

म्हणलं, "१८४० साली? पगारी?"

पाण्याची झारी तशीच धरून ती उभी राहिली. मला वाटलं आता ही चिडणार, उद्या सकाळी निघा म्हणणार. पण तिनं मला भिंतीशी नेलं. खालच्या ओळीतल्या एका विटेवर बोटांचे खळगे होते. ओली वीट साच्यातून काढताना उमटलेले. मी माझं बोट त्यात घालून बघितलं. मावलं नाही. लेकराचं बोट होतं. त्या भागातल्या विटा गुलामांनी पाडल्या, त्यांत लहान पोरंही होती. असे ठसे गावात ठिकठिकाणी दाखवतात.

मी विचारलं, "हे जाहिरातीत का लिहीत नाही?"

ती म्हणाली, "लिहिलं तर कुणी राहायला येत नाही."

दोस्तांनो, हे वाक्य मी मराठीत किती वेळा ऐकलंय! खरं आडनाव सांगितलं तर खोली मिळत नाही. इथं तर खोलीनंच आपलं आडनाव लपवलं होतं. 'रम्य', 'शांत', 'ऐतिहासिक' – ही तिची नवी आडनावं.

बाई वाईट नव्हती. त्या ठशाची गोष्ट तिला ठाऊक होती नि तिनं ती लपवलीही नाही – विचारल्यावर. आपल्याकडचे भले सवर्णही असेच असतात. विचारल्यावर सांगतात.

त्या रात्री गादीवर झोपावंसं वाटेना. सतरंजीसारखी चादर खाली अंथरली नि फरशीवर पडलो. त्यात काही मोठेपण नव्हतं. तिथलाच जोसेफ मॅकगिल नावाचा काळा माणूस २०१० पासून राज्याराज्यांत फिरून गुलामांच्या राहिलेल्या खोल्यांत रात्री मुक्काम करतो, लोकांना बरोबर नेतो, म्हणतो – या खोल्या पडू देऊ नका नि खोट्या नावानं उभ्याही राहू देऊ नका. त्याचं काम मला पुढं कळलं. त्या रात्री मी नुसता पडून होतो. विटेवरचं बोट डोळ्यापुढनं जात नव्हतं.

सकाळी कॅल्हून स्ट्रीटवरच्या इमॅन्युएल चर्चपुढं उभा राहिलो. या मंडळीशी ज्याचं नातं होतं त्या डेन्मार्क व्हेसीनं लॉटरीच्या पैशातनं स्वतःला विकत घेतलं, आणि १८२२ साली बंडाचा बेत केला म्हणून त्याला नि त्याच्या साथीदारांना फासावर चढवलं. एकंदर पस्तीस माणसं. त्याच चर्चमध्ये १७ जून २०१५ च्या संध्याकाळी बायबल वाचत बसलेल्या नऊ काळ्या माणसांना एका गोऱ्या पोरानं गोळ्या घातल्या. आलेल्या परक्या पोराला त्यांनी आपल्यात बसवून घेतलं होतं. गुलामीची बाजू लढवणाऱ्या ज्या कॅल्हूनच्या नावाचा तो रस्ता, त्याचा जवळचा पुतळा २०२० साली उतरवला. रस्त्याचं नाव मात्र तेच.

आता दुसरी रात्र. इथून पुढं लिहायला हात जड होतो.

मोटेल उत्तरेला, हमरस्त्यालगत. काउंटरवर आपल्याकडचा माणूस, पन्नाशीचा. मागं देवाचा फोटो, उदबत्ती. माझा पासपोर्ट बघून तोंडभर हसला. "अरे, आप तो अपने आदमी निकले!" मग गाव विचारलं. मग आडनाव परत एकदा मोठ्यानं वाचलं. माझं आडनाव गावावरनं पडलेलं, शेवटी 'कर'. तो म्हणाला, "कर मतलब... ब्राह्मण? या मराठा?"

मी हसलो.

एवढंच केलं. हो म्हणलं नाही, नाही म्हणलं नाही. नुसता हसलो. त्यानं त्याचं उत्तर घेतलं. नव्वदची खोली पासष्टला दिली. "अपने लोगों से क्या कमाना!" रात्री त्याच्या बायकोनं खिचडी-कढीचं ताट खोलीवर पाठवलं. निरोप आला – सकाळी चहाला वर घरी या.

ते ताट मी जेवलो. पोटभर जेवलो. मग दिवा मालवला नि झोप लागेना.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला गेले तेव्हा रात्रीपुरतं छप्पर मिळेना. कोलंबियाहून शिकून आलेला माणूस! शेवटी पारशी नावानं पारशांच्या पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशी दारात उभे राहिले. दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरात घ्यायचं टाळलं. मग ते बागेत जाऊन बसले नि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. पण त्यांच्यापुढं दुसरं दार नव्हतं! नोकरी करायची तर छप्पर पाहिजे होतं. माझं काय? माझ्या खिशात पेन्शनीतले पैसे होते. मोबाईलमध्ये आणखी वीस मोटेलं होती. कायदा होता. मला कुणीही बाहेर काढणार नव्हतं. आणि तरी मी पंचवीस डॉलर नि एका ताटासाठी बाप लपवला. काल रात्री खोलीनं जात लपवली म्हणून मी फरशीवर झोपलो होतो. आज मीच ती खोली झालो होतो.

तुम्हाला व्याख्यानं देणारा मी. शिबिरात "अस्मिता, अस्मिता" म्हणून टेबल बडवणारा मी. भीती किती खोल असते बघा. सतरा दारांत ऐकलेला 'कळवतो' साठीनंतरही, सात समुद्रापार, गळ्यात अडकून असतो.

सकाळी काउंटरवर गेलो. म्हणलं, "भाई, काल तुम्ही विचारलं, मी सांगितलं नाही. मैं न ब्राह्मण हूँ, न मराठा. हम बौद्ध हैं. पहिले महार होते. डॉक्टर आंबेडकरांची माणसं."

तो लगेच म्हणाला, "अरे, यहाँ ये सब कौन देखता है!" बोलताना डोळे कॉम्प्युटरकडं. मग म्हणाला, "चाय वहाँ रखी है." आणि लॉबीतल्या मशीनकडं बोट केलं.

कागदी कपात चहा घेतला. आता अन्याय करायचा नाही मला. तिथं सगळेच कागदी कपात पितात. कदाचित वर बायको कामात असेल. कदाचित तो विसरला असेल. पण काल मला घरातल्या कपाचं बोलावणं होतं. आमच्या गावच्या हॉटेलात आपल्या माणसासाठी बाहेर खिळ्याला टांगलेला कप असायचा, आपला आपण विसळून परत टांगायचा. कागदी कपाला विसळायचं कामच नाही, पिऊन फेकून द्यायचा.

मी पंचवीस डॉलर काउंटरवर ठेवले. म्हणलं, ही सूट तुम्ही दुसऱ्या माणसाला दिली होती. तो नको नको म्हणाला. मी ठेवूनच निघालो. यात शौर्य काही नाही. बारा तास उशीर झाला होता.

परतीच्या बसमध्ये अटलांटाचंच एक जुनं मोटेल आठवलं. हार्ट ऑफ अटलांटा, २१६ खोल्यांचं. २ जुलै १९६४ ला कायदा झाला – हॉटेल-मोटेलात रंगावरून कुणाला नाकारता येणार नाही. मालक वकील होता, लगोलग कोर्टात गेला. माझं मोटेल, मी कुणाला खोली द्यायची ते मी ठरवणार! १४ डिसेंबर १९६४ ला सुप्रीम कोर्टानं त्याला हरवलं. पण त्या कायद्याआधी काळ्या माणसानं प्रवास कसा केला? न्यूयॉर्कात हार्लेममध्ये व्हिक्टर ग्रीन नावाचा पोस्टमन होता. त्यानं १९३६ साली एक लहानसं पुस्तक काढलं. कुठल्या गावात कुठलं हॉटेल, कुठल्या बाईचं घर काळ्या प्रवाशाला रात्री दार उघडतं, याचे पत्ते. वाचक पत्रानं पत्ते कळवायचे, दर साली यादी वाढायची. दक्षिणेतल्या कितीतरी गावांत हॉटेल नव्हतंच. कुणा काळ्या बाईच्या घरातली जादा खोली, एवढाच आधार. म्हणजे त्यांचा तक्क्याच तो! ग्रीननं त्या पुस्तकातच लिहून ठेवलं होतं, की एक दिवस हे छापायची गरज उरणार नाही. १९६६-६७ च्या अंकानंतर ते बंद झालं.

जातीचं मात्र तिथंही अजून चाललंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहरानं जातीवरून भेदभावाला बंदी केली, अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच साली ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं मंजूर केलेलं तसलं विधेयक गव्हर्नरनं सही न करता परत धाडलं.

घरी आल्यावर मुलीला सगळं सांगितलं. ती गप ऐकत होती. मग म्हणाली, "अप्पा, मी इथं सहा वर्षं नुसती हसतेच आहे." मी काही बोललो नाही. बोलायला तोंड कुठं होतं?

म्हणून तरुण मित्रांनो, दोन गोष्टी. कुठंही जा, खुशाल जा, चांगल्या खोलीत झोपा. आपल्या माणसानं फरशीवरच झोपावं असं कुणी सांगितलेलं नाही. पण खोली सुंदर असली की विचारा – इथं आधी कोण राहायचं? आणि कुणी तुम्हाला विचारलं – तुम्ही कोण? – तर माझ्यासारखं हसू नका.

दुसरी गोष्ट. पुणं, दिल्ली, हैदराबाद – शिकायला जाणारं आपलं पोर आजही आडनाव सांगताना आवंढा गिळतं. आपल्यात पोस्टमन आहेत, मास्तर आहेत, बँकेतले कारकून आहेत. ज्याच्या गावात, ज्याच्या घरात एक जादा खोली आहे, त्यानं या अंकाच्या पत्त्यावर कार्ड टाकावं. काही न विचारता किल्ली देणारी म्हातारी कुठं असेल तर तिची परवानगी घेऊन तिचाही पत्ता कळवावा. दर अंकात एक पान यादीला ठेवू. आमची दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली रिकामी आहे. यादीतला पहिला पत्ता माझा घ्या.

जयभीम.